नोबेल की नोबल?

प्रश्न असा आला आहे : 'नोबेल' या आडनावाचा अर्थ 'उदात्त' किंवा 'खानदानी' असा होतो का, आणि मराठीत 'नोबल पारितोषिक' लिहिलं तर चालेल का?

दोन्हींचं उत्तर 'नाही' असंच आहे. इंग्रजी 'नोबल' लॅटिन 'नोबिलिस'वरून आला. हे आडनाव एका खेड्यावरून. स्वीडनच्या दक्षिण टोकाला स्कोने प्रांत आहे (1658पर्यंत तो डेन्मार्कचा होता). तिथल्या ऑस्त्रा नॉब्बेलॉव्ह, म्हणजे 'पूर्वेकडचं नॉब्बेलॉव्ह', या गावचा पेत्रुस ओलाई 1682च्या सुमारास उप्सालाला कायदा शिकायला गेला. 'ओलाई' म्हणजे ओलोफचा मुलगा. ते आडनाव नव्हे, बापाचं नाव. शिकलेल्या माणसाने लॅटिन आडनाव घ्यायची तेव्हा रीतच होती, म्हणून त्याने गावाच्या नावाला '-इउस' जोडून 'नोबेलिउस' केलं. या खटपटीत स्वीडिशमधला डोक्यावर दोन टिंबं असलेला 'ओ' साधा झाला. 'नोबिलिस'चा भास होतो तो इथूनच. गावाच्या नावाचा मूळ अर्थ मात्र 'नवी वस्ती'. आपल्या नवेगावाचाच प्रकार, त्यात खानदानी काही नाही.

अशी नावं उलगडताना '-इउस' काढल्यावर उरलेला भाग लॅटिन शब्दकोशात शोधायची घाई नडते. कारण काहींनी गावाच्या नावाचा फक्त आवाज ठेवला, तर काहींनी अर्थाचं भाषांतर केलं. सेल्सिअस (तापमानाच्या मापाला ज्याचं नाव आहे त्या शास्त्रज्ञाचं आडनाव) हे दुसऱ्या प्रकारचं : घराण्याच्या मूळ जागेचं नाव 'हॉगेन', म्हणजे टेकाड, त्यावरून लॅटिन 'सेल्सुस', उंच. तिथे लॅटिन कोश उपयोगी पडतो, नोबेलिउसच्या बाबतीत फसवतो. आधी गाव शोधावं, मग अर्थ.

'नोबेलिउस'चं '-इउस' हे शेपूट छाटलं ते पेत्रुसच्या नातवाने, इमानुएलने. हा सैन्यातला शल्यवैद्य, आल्फ्रेड नोबेलचा (1833–1896) आजोबा.

उच्चारात जोर दुसऱ्या अक्षरावर येतो, 'बे' आखूड आणि 'ल' किंचित लांबलेला : साधारण 'नोबेल्ल'. तेव्हा मराठीत 'नोबेल'च लिहावं. 'नोबल' लिहिलं की इंग्रजी विशेषण डोकावतं. रसायनशास्त्रात तर ही गल्लत महागात पडते : राजवायूंना (हेलियम, निऑनसारखे सहसा कशाशी संयोग न पावणारे वायू) इंग्रजीत 'नोबल गॅस' म्हणतात ते 'नोबिलिस'वरून, आणि 102 अणुक्रमांकाचं नोबेलियम आल्फ्रेड नोबेलच्या नावावरून. नोबेलियम राजवायू नाही, किरणोत्सारी धातू आहे.