नोकरी सांभाळून मुंबईत कुणाच्या उपयोगी कसं पडता येईल?

तुम्ही लिहिलंय की नोकरीसाठी मुंबईत येऊन वर्ष होत आलं. कांदिवलीला राहता, ऑफिस परळला, हातात उरतो तो रविवार. कुणाच्या उपयोगी पडावं, चार माणसं जोडली जावीत असं वाटतं, पण एखाद्या संस्थेला वाहून घ्यावं एवढी सवड नाही.

माझं ऐकाल तर लेखनिक व्हा. ज्या मुलांना दिसत नाही किंवा हाताने लिहिता येत नाही, त्यांचा पेपर ती सांगतील तसा लिहायला बसायचं. कॉलेजांत सगळे ‘रायटर’च म्हणतात. मी बँकेत होते तेव्हापासून हे काम करते आहे, आणि मुंबईतली माझी जवळची म्हणावीत अशी बरीच माणसं मला यातूनच मिळाली.

काम ऐकायला सोपं वाटतं, पण त्यात बारकावे आहेत. आधी सगळी प्रश्नपत्रिका सावकाश वाचून दाखवायची, गुणांसकट, म्हणजे कोणता प्रश्न आधी घ्यायचा हे मुलाला ठरवता येतं. मग तो सांगेल तेच लिहायचं. बरोबर उत्तर आपल्याला माहीत असलं तरी चेहऱ्यावर किंवा आवाजात ते येऊ द्यायचं नाही. मधे विचार करायला तो थांबला तर घाई करायची नाही. पुन्हा बोलू लागण्याआधी शेवटचं वाक्य वाचून दाखवलं की त्याचा धागा जुळतो. किती वेळ उरला ते अधूनमधून सांगायचं. दर तासाला किमान 20 मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तास चालतो. तेवढा वेळ हात न दुखता, अक्षर न बिघडता लिहिता यायला हवं. गणित वाचताना कंस कुठे उघडला आणि कुठे बंद झाला हे स्पष्ट सांगायचं, नाहीतर उदाहरणच बदलून जातं.

मी सुरुवातीला जिचा इतिहासाचा पेपर लिहिला, ती मुलगी आज नोकरीला आहे. साडी घ्यायची असली की रंग सांगायला मला दादरला सोबत नेते, आणि दुकानदाराशी घासाघीस मात्र स्वतः करते. माझ्या फोनवरचं टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी सोय, कसं वापरायचं ते मला तिने शिकवलं. ते शिकल्यापासून दुसऱ्या मुलांनाही मी ते दाखवू शकते. आम्हा दोघींत कोण कुणाला मदत करतं याचा हिशेब कधीच मागे पडला.

अडचण एकच: परीक्षा कामाच्या दिवशी असतात. दहावी-बारावीचे पेपर फेब्रुवारी-मार्चमध्ये, बरेचसे सकाळी अकराला. कॉलेजच्या सत्र परीक्षा वेगळ्या. त्यासाठी वर्षातल्या एक-दोन रजा राखून ठेवता आल्या तर फार बरं. शिवाय लेखनिकाचं शिक्षण विद्यार्थ्यापेक्षा कमी असावं असा नियम अनेक परीक्षांना असतो, तेव्हा पदवीधर माणसाला प्रत्येक पेपर लिहिता येत नाही. मग रविवारी अभ्यास वाचून दाखवायचा, नोट्स फोनवर रेकॉर्ड करून द्यायच्या, सराव पेपर लिहायचे. याचीही मुलांना तितकीच गरज असते, आणि खरी ओळख होते ती इथेच, कारण तिथे गप्पा मारायला बंदी नसते.

परळला ऑफिस आहे म्हणून आणखी एक सांगते. टाटा रुग्णालय तुमच्या वाटेवर आहे. कर्करोगाच्या उपचारात रक्तातल्या प्लेटलेट्स फार लागतात आणि त्या जेमतेम पाच दिवस टिकतात, साठवून ठेवता येत नाहीत. म्हणून दाते सतत लागतात. साधं रक्त पुरुषांना दर तीन महिन्यांनी, बायकांना चार महिन्यांनी देता येतं. वय 18 ते 65, वजन किमान 45 किलो, हिमोग्लोबिन 12.5. मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत कॉलेजं बंद, शिबिरं थंडावलेली, तेव्हा शहरात रक्ताची ओढाताण होते. तुमची पाळी त्या दिवसांत येईल असं बघा.

प्रवासाबद्दलही थोडं. एखादा अंध प्रवासी फलाटावर थांबलेला दिसला तर आधी बोला, विचारा, हो म्हणाला तर तुमचं कोपर त्याला धरू द्या. हात पकडून ओढायचं नाही, मागून ढकलायचं तर मुळीच नाही. गाडी आणि फलाटातलं अंतर तोंडाने सांगायचं. निघताना ‘मी जाते’ म्हणून निघायचं, नाहीतर तो बिचारा रिकाम्या हवेशी बोलत राहतो. हे मला रायटर म्हणून भेटलेल्या मुलांनीच शिकवलं.

26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा लोकांनी अनोळखी माणसांना घरात घेतलं, रस्त्यावर उभं राहून पाणी-बिस्किटं वाटली. मुंबई म्हटलं की ती आठवण निघतेच, आणि तिचा मला मनापासून अभिमान आहे. पण एरवीच्या मंगळवारी कुणीतरी आपली वाट बघत असेल असं काहीतरी हातात हवं. तुम्हाला चुकल्यासारखं वाटतंय ते हेच असावं, असं तुमच्या प्रश्नावरून मला वाटलं.

चौकशी करायला वरळीचं नॅब, म्हणजे अंधांसाठी काम करणारी संस्था, आहे, सेंट झेवियर्स कॉलेजात दृष्टिहीनांसाठीचं केंद्र आहे, दादरला कमला मेहता अंधशाळा आहे. ती 1900 सालापासून मुलींना शिकवते आहे. फोन कराल तेव्हा तुमचं शिक्षण, कोणत्या भाषांत भरभर लिहिता येतं, आणि कोणत्या वारी किती वाजता नक्की मोकळे असता हे आधीच सांगा. मराठीत लिहिणारे हवेच असतात. आणि जी वेळ सांगाल ती अशी सांगा की पावसात गाड्या उशिराने धावत असल्या तरी पाळता येईल.