हातोड्याच्या ठोक्यावरून बोअरचं पाणी कळतं का?

प्रश्न: दिंडोरी तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. गेल्या उन्हाळ्यात 350 फुटांचा बोअर कोरडा गेला. आता एक जण म्हणतो, लोखंडी प्लेटवर घण मारून लहरींचं गणित कॉम्प्युटरवर करतो आणि खालचे थर दाखवतो. भरवसा ठेवू का?

उत्तर: दादा, पद्धत खरी आहे, पण स्क्रीनवरचं रंगीत चित्र म्हणजे जमिनीचा फोटो नाहीये, तो अंदाज आहे. ओळीत लावलेले जिओफोन, म्हणजे जमिनीचा हादरा टिपणारे सेन्सर, एवढंच सांगतात की धक्का कुठे किती वेळात पोचला. समजा वर 5 मीटर माती-मुरूम, त्यात लहर सेकंदाला 500 मीटर जाते, खाली काळा पाषाण, त्यात 4000. मग 60 मीटरवरच्या जिओफोनला मातीतून सरळ येणारी लहर 120 मिलिसेकंदांनी पोचणार आणि पाषाणात उतरून तिथून पळत वर आलेली साधारण 35 मध्येच हजर! कॉम्प्युटर आधी थर मनाने मांडतो, वेळा काढतो, खऱ्या वेळांशी ताडतो, नाही जुळलं की थर बदलून परत काढतो, यालाच इन्व्हर्जन म्हणतात.

गोची अशी की वेगवेगळे थर मांडूनही वेळा तितक्याच जुळतात. आणि आपल्याकडे तर काळ्या पाषाणाखाली बरेचदा तांबडा पट्टा (लाल मातकट थर), मग मांजऱ्या (बारीक भोकं असलेला खडक), पाणी असलं तर बहुतेक त्या मांजऱ्यात, आणि तिथे लहरीचा वेग वरच्या पाषाणापेक्षा कमी. अशा मंद थरात शिरताना लहर अजून खालीच वळते, त्याच्या माथ्यावरून आडवी पळून वर येतच नाही. म्हणजे तुम्हाला हवा तोच थर लपतो, वर त्याच्या खालचा पाषाण आहे त्यापेक्षा खोल दिसतो. फुटावर पैसे मोजणाऱ्याला हे महागात पडतं हो.

म्हणून आधी बांधाशेजारची जुनी विहीर बघा. पाणी खाली गेलं की टेप सोडा, पाषाण कुठे संपतो, तांबडा पट्टा किती फुटांवर, ओल कुठून झिरपते ते वहीत लिहा आणि त्या माणसाला सांगा की गणित इथून सुरू कर, मधे मंद थर घालूनही दाखव. सोबत रेझिस्टिव्हिटीचा सर्व्हे जरूर करा, त्यात जमिनीत करंट सोडून किती अडतो ते मोजतात, ओल्या थरातून तो सहज जातो, त्यामुळे लहरींना न दिसलेला ओला थर तिथे सापडू शकतो.

आणि एक, घणाचा ठोका आणि जिओफोनची 60 मीटरची लाइन एवढ्यावर जेमतेम 15-20 मीटरपर्यंतचं कळतं. 350 फूट म्हणजे 107 मीटर. तेवढ्या खोलीचं चित्र तो त्याच घणावर दाखवत असेल तर ॲडव्हान्स देऊ नका.