पिवळा दिवा आणि तिसरा हप्ता

देवगडच्या एका वाचकांचे पत्र आहे. वय ४४, स्टेशनरी आणि झेरॉक्सचे दुकान, खर्च वजा जाता महिन्याला सुमारे ३५ हजार रुपये हातात, घरची ४० हापूस कलमे, पत्नी आणि शाळेत जाणारी दोन मुले. बचत खात्यात ४० हजार रुपये आहेत. पाच वर्षांपूर्वी पुण्याहून आणलेली २०१४ सालची पेट्रोल गाडी १ लाख १८ हजार किलोमीटर चालली असून तिच्या डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागला आहे. कणकवलीच्या गॅरेजने स्कॅनर लावला, पी-०४२० हा कोड दाखवला आणि ‘कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चोक झाला आहे, नवा ५२ हजारांना पडेल’ असे सांगितले. गावातला मेकॅनिक म्हणतो की कन्व्हर्टर काढून सरळ पाइप टाकतो, आणि जुन्याचे वर पाच हजार देतो. वाचकांचा प्रश्न असा: ‘५२ हजार घालावेत, की बँकेतली पाच वर्षांची एफडी मोडून त्यातले दोन-सव्वादोन लाख आणि साडेसहा लाखांचे कर्ज अशी नवी गाडी घ्यावी? एफडीचा एक लाखाचा तिसरा हप्ता या महिन्याच्या २८ तारखेला आहे. तो भरून मग मोडली तर व्याज बुडत नाही, असे बँकेतल्या मॅडमनी सांगितले आहे. यंदा मोहोर चांगला आहे, आंब्याचे दोन लाख तरी धरले आहेत.’

एफडीला हप्ते नसतात. या वाक्याकडे परत यायचे आहे, पण तुम्ही विचारले गाडीबद्दल, म्हणून आधी गाडी.

पी-०४२० या कोडचा अर्थ ‘कन्व्हर्टर चोक झाला’ असा नाही. कन्व्हर्टरच्या आत सिरॅमिकची बारीक जाळी असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलॅडियम व ऱ्होडियम या धातूंचा पातळ थर असतो; धुरातले विषारी वायू या थराच्या संपर्कात येऊन निरुपद्रवी होतात. जाळीच्या पुढे एक आणि मागे एक असे दोन ऑक्सिजन सेन्सर बसवलेले असतात. पुढच्या सेन्सरचा आकडा सतत खालीवर होतो, मागच्याचा जवळजवळ स्थिर राहायला हवा. मागचाही पुढच्यासारखा नाचू लागला की संगणक ‘कन्व्हर्टरची कार्यक्षमता मर्यादेखाली गेली’ अशी नोंद करून दिवा लावतो. चोक होणे हा निराळा आजार आहे. त्यात धूर बाहेर पडायला वाट उरत नाही, गाडीचा पिकअप जातो आणि फोंडा घाटात ती दुसऱ्या गिअरमध्येही रडते. तुम्ही स्वतःच लिहिले आहे की पिकअप पूर्वीसारखाच आहे. म्हणजे गॅरेजने कोड एका आजाराचा वाचला आणि नाव दुसऱ्याचे घेतले.

तुमच्या पत्रातले सर्वांत उपयोगी वाक्य तुम्ही ताजा कलम म्हणून शेवटी टाकले आहे: ‘सकाळी थंड गाडी चालू केली की खालून फटफट आवाज येतो, पाच मिनिटांनी आपोआप बंद होतो.’ इंजिन आणि सायलेन्सरच्या जोडावरील गॅस्केट फाटले किंवा फ्लँजचे बोल्ट गंजून सैल झाले, तर नेमका असा आवाज येतो. लोखंड तापून फुगले की फट मिटते आणि आवाज थांबतो. खाडीकिनारी खाऱ्या हवेत उभ्या राहणाऱ्या गाडीला हे व्हायला फार वर्षे लागत नाहीत. अशा फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते, तिच्यातला प्राणवायू सेन्सरला चकवतो आणि कन्व्हर्टर ठीक असतानाही हाच कोड येऊ शकतो. तेव्हा आधी थंड गाडीखाली वाकून, जोडापाशी काळी काजळी कुठे उमटली आहे ते पाहायला सांगा. गॅस्केट, बोल्ट आणि मजुरी मिळून हजार-दोन हजारांचे काम आहे. त्यानंतर कोड पुसून दोन-तीनशे किलोमीटर गाडी चालवा. दिवा पुन्हा लागलाच तर स्कॅनरवर दोन्ही सेन्सरचा आलेख चालत्या इंजिनवर दाखवायला सांगा. नुसता कोड वाचून ५२ हजारांचा भाग सुचवणाऱ्याला हे दाखवण्याची टाळाटाळ करता येऊ नये.

दुसरी गोष्ट तेलाची. दर हजार किलोमीटरला अर्धा लिटर इंजिन ऑइल घालावे लागते असे तुम्ही सहज लिहून गेला आहात. ते तेल जळते आहे, आणि जळलेल्या तेलातले फॉस्फरस जाळीवर बसून तिला निकामी करते. कन्व्हर्टर खरोखरच गेला असेल तर त्याचे कारण बहुधा हेच आहे, आणि कारण तसेच ठेवून बसवलेला नवा कन्व्हर्टरही त्याच वाटेने जाईल. म्हणून कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासल्याशिवाय ५२ हजार घालू नका. कॉम्प्रेशन चांगले निघाले आणि दोष एखाद्या स्वस्त व्हॉल्व्हचा किंवा सीलचा ठरला, तर कंपनीचा कन्व्हर्टर बसवून गाडी आणखी पाच वर्षे वापरावी. वर्षाला दहा हजार पडतात. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील तर दीड लाख किमतीच्या गाडीवर एवढा खर्च करण्यात अर्थ नाही. बाजारात १२-१५ हजारांना मिळणारे कन्व्हर्टरही आहेत, परंतु स्वस्ताईचे कारण आतल्या धातूंच्या प्रमाणात असते. घ्यायचाच तर लेखी वॉरंटी आणि बिलाशिवाय घेऊ नये.

गावातल्या मेकॅनिकचा प्रस्ताव मात्र ऐकूही नका. पाच हजार तो तुमच्यावरील प्रेमापोटी देत नाही, त्या जाळीतल्या धातूंसाठी देतो. शिवाय कन्व्हर्टर काढलेली गाडी प्रामाणिक पीयूसी चाचणीत टिकणार नाही, आणि प्रदूषणाच्या नियमभंगाला कायद्यात १० हजारांपर्यंत दंड आहे.

आता त्या ‘एफडी’कडे येऊ. (पी-०४२० हा आकडा वाचून तुमच्या मेकॅनिकला हसू आले असेल; कलम ४२० कायद्याच्या पुस्तकातून गेले असले तरी आपल्या बोलण्यातून गेलेले नाही. माझ्या मते ते तुमच्या गाडीत नसून कपाटात आहे.) तुम्ही एफडीची पावती म्हणून ज्या कागदाचे फोटो पाठवले आहेत, त्यावर ‘प्रीमियम भरण्याची मुदत १० वर्षे, पॉलिसीची मुदत २० वर्षे, मूळ विमा रक्कम १० लाख’ असे छापलेले आहे. बँकेचे नाव आहे, पण ते खाली कोपऱ्यात, ‘कॉर्पोरेट एजंट’ या शब्दांपुढे. ही विमा पॉलिसी आहे. बँकेने ती तुम्हाला विकून कमिशन घेतले, आणि तुम्ही दोन वर्षे दोन लाख रुपये भरूनही ती कधी वाचली नाही, हे मला तितकेच खटकते.

तुम्ही दहा वर्षांत १० लाख भराल आणि विसाव्या वर्षाच्या शेवटी साडेएकवीस लाख मिळतील. मॅडमच्या भाषेत ‘दुप्पट’. वर्षाच्या हिशेबात हा परतावा सुमारे ५ टक्के पडतो. आज मोडली तर दोन वर्षांचे हप्ते भरलेल्या अशा पॉलिसीचे किमान हमी सरेंडर मूल्य भरलेल्या रकमेच्या ३० टक्के, म्हणजे ६० हजार रुपये असते. विशेष सरेंडर मूल्य याहून जास्त असू शकते, तो आकडा विमा कंपनीकडून लेखी मागवावा. पण ज्या दोन-सव्वादोन लाखांवर तुम्ही नव्या गाडीचा बेत उभा केला आहे, ते पैसे तेथे नाहीत. तिसरा हप्ता भरून मोडली तर तीन लाखांवर ३५ टक्के, म्हणजे १ लाख ५ हजार. एक लाख घालून पंचेचाळीस हजार वाढवायचे, हा सल्ला देणाऱ्याला ‘व्याज बुडत नाही’ म्हणण्याचा धीर कसा होतो, ते मला समजत नाही.

‘दोन लाख गेले, निदान पुढे तरी चालू ठेवावी’ असे तुम्हाला वाटेल, म्हणून तोही हिशेब करू. आज सोडवून घेतलेले ६० हजार आणि उरलेले आठ हप्ते असे दोन्ही पीपीएफमध्ये टाकले, तर एप्रिल २०२० पासूनचा ७.१ टक्के दर तसाच राहील असे धरून अठरा वर्षांनी सुमारे २४ लाख होतात; पॉलिसी साडेएकवीस देईल. अडीच लाखांचा फरक लहान म्हणता येईल, परंतु पीपीएफमध्ये आंबा गेलेल्या वर्षी पाचशे रुपये भरून भागते, पॉलिसीत लाखच भरावा लागतो. हप्ते थांबवून पॉलिसी ‘पेड-अप’ करता येते. त्यात मूळ विमा रकमेच्या प्रमाणात अठरा वर्षांनी दोनेक लाख मिळतील. रोख रकमेची गरज नसलेल्याला ते चालले असते. तुम्हाला आहे.

मात्र लगेच सरेंडर करू नका. तुम्ही पाठवलेल्या तिसऱ्या फोटोत प्रस्ताव-अर्जाची प्रत आहे. तिच्यात व्यवसायाच्या रकान्यात ‘घाऊक व्यापार’ आणि वार्षिक उत्पन्नाच्या रकान्यात १२ लाख लिहिले आहे. दुकान आणि आंबा मिळून तुमचे उत्पन्न त्याच्या निम्म्याच्या आसपासच आहे, आणि ते हस्ताक्षर तुमचे नाही असे तुम्ही म्हणता. हा कागद तुमच्या हातातला सर्वांत चांगला पुरावा आहे. ‘एफडी म्हणून विमा विकला आणि अर्जात खोटे उत्पन्न लिहिले’ अशी लेखी तक्रार विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे आणि बँकेच्या शाखेत करा, दोन्हीकडून पोच घ्या आणि भरलेली पूर्ण रक्कम परत मागा. उत्तर नाकारणारे आले किंवा तीस दिवसांत आलेच नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. त्याला शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. पूर्ण दोन लाख मिळतीलच असे आश्वासन मी देणार नाही. सरेंडरचा पर्याय त्यानंतरही उरतो, पण आधी सरेंडर केले तर तक्रारीतला जोर निघून जातो.

नव्या गाडीचा प्रश्न यानंतर फारसा शिल्लक राहत नाही. साडेसहा लाखांचे कर्ज साडेनऊ टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतले तर महिन्याला १० हजार ६०० रुपये, म्हणजे वर्षाला सव्वा लाखाच्या वर. त्यात पॉलिसीचा एक लाख मिळवला की सव्वादोन लाख होतात, आणि हे दोन्ही तुम्ही ज्या आंब्यातून भागवणार आहात तो अजून मोहोरात आहे. तुडतुडे, फुलकिडे, एखादा अवकाळी पाऊस आणि मार्चमधली फळगळ यांतून सुटून, फवारणी, पेट्या आणि दलाली वजा जाऊन जे उरेल ते धरा. दोन लाख धरू नका. कन्व्हर्टरवर ५२ हजार घालावेच लागले, तरी तो पाच ईएमआयचा खर्च आहे.

यंदाच्या आंब्यातून जे येईल त्यातले पहिले लाखभर रुपये बँकेच्या खऱ्या, एकदाच पैसे ठेवण्याच्या एफडीत ठेवा आणि त्यांना अडीअडचणीशिवाय हात लावू नका. दहा लाखांचा विमा तुमच्या घराला दोन-अडीच वर्षांच्या पुढे पुरणार नाही, तेव्हा ५० लाखांचा साधा मुदतीचा विमा घ्या. तुमच्या वयाला वर्षाला साधारण बारा-पंधरा हजार पडेल आणि मुदतीअखेर काहीही परत मिळणार नाही, जे योग्यच आहे.

गाडी गॅरेजमध्ये पुढच्या आठवड्यात नेली तरी चालेल. बँकेत मात्र उद्याच जा, कारण हप्ता खात्यातून आपोआप कापून घेण्याची संमती तुम्ही पहिल्याच वर्षी सही करून दिलेली आहे. ती रद्द करण्याचा अर्ज द्या, त्यावर शाखेचा शिक्का आणि तारीख घ्या. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत असते, त्यामुळे २८ तारीख उलटल्याने पॉलिसी त्याच दिवशी बंद पडत नाही, मॅडम काहीही म्हणोत.