बदनामी वेगळी, बनावट खातं वेगळं

प्रश्न : मी डिचोलीत घरून फराळाच्या ऑर्डरी घेते. गेल्या चवथीला एका गिऱ्हाइकाशी वाद झाला. तिने गावच्या फेसबुक ग्रुपवर माझा फोटो टाकून लिहिलं, 'हिच्या नेवऱ्यांना खवट वास येतो, ॲडव्हान्स घेऊन बुडवते.' आता कोणीतरी माझं नाव-फोटो लावून इन्स्टाग्रामवर खातं उघडलंय आणि ओळखीच्यांकडे पैसे मागतंय. पोलीस म्हणाले, हे कोर्टाचं काम. भाऊ ग्रुपवर भांडतोय. काय करू?

उत्तर : ताई, पोलिसांचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. तुम्ही दोन प्रकरणं एका दमात सांगितलीत, त्यांनी एकच ऐकलं.

बनावट खातं आधी घ्या. माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमं ६६-सी (दुसऱ्याची ओळख चोरणं) आणि ६६-डी (दुसऱ्याचं सोंग घेऊन ऑनलाइन फसवणं) इथे लागतात; शिक्षा तीन वर्षांपर्यंत, आणि गुन्हा दखलपात्र. म्हणजे कोर्टाची वाट न बघता पोलिसांनी तो नोंदवायलाच हवा. तपास मात्र निरीक्षक किंवा त्यावरचा अधिकारीच करू शकतो, म्हणून टेबलावरचा हवालदार बिचकतो. रायबंदरच्या सायबर पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या. तिथेही घेतला नाही, तर तोच अर्ज पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवा. ज्यांचे पैसे गेले, त्यांनी स्वतः लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा. उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यांत पसार होतात.

खातं रिपोर्ट करायची घाई नको. ते बंद झालं की पुरावाही गेला. आधी खात्याची लिंक, तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या. ज्यांना मेसेज आले त्यांनाही पुसू नका म्हणून सांगा. कोर्टात स्क्रीनशॉटच्या कागदासोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे हे कोणत्या फोनवरून कसं काढलं ते सांगणारं, प्रमाणपत्र लागतं, तेव्हा ज्या फोनवर ते काढलेत तो विकू नका.

आता ग्रुपवरची पोस्ट. बदनामी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली गुन्हा आहे, पण अदखलपात्र. तक्रार थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. 'खवट वास' यावर मी वेळ घालवणार नाही, खाल्लेल्या माणसाला तेवढं म्हणता येतं. 'बुडवते' हा मात्र आरोप आहे. त्यावरून एक विचारतो : तिचा ॲडव्हान्स परत केलात का? तुमच्या पत्रात याबद्दल एक ओळही नाही, आणि समोरचा वकील पहिला प्रश्न हाच विचारील. केला असेल तर जीपेची नोंद जपा. नसेल तर आधी तो फेडा.

भरपाईचा दिवाणी दावा पोस्ट पडल्यापासून एका वर्षात लावावा लागतो; फौजदारी तक्रारीला तीन वर्षं आहेत. पुढच्या चवथीवर विसंबू नका, कोर्ट तिथी नाही, तारीख मोजतं.

भावाला आजच थांबवा. रागाच्या भरात त्याने त्या बाईचा फोन नंबर किंवा घरातल्या कोणाचा फोटो टाकला असेल, तर एक प्रत ठेवून काढून टाकायला लावा. नाहीतर उद्या नोटीस तुम्ही नाही, ती पाठवील.