अ‍ॅप आणि गोळी जुळत नसेल तर व्हेलॉसिटीला हात शेवटी लावा

तुमची अडचण थोडक्यात अशी: डेन्व्हरजवळची (अमेरिकेतलं 5280 फूट उंचीवरचं शहर) रेंज, .308 ची रायफल, 175 ग्रेन वजनाची सिएरा मॅचकिंग गोळी, झीरो (नेम आणि गोळी जुळवलेलं अंतर) 100 यार्डांवर. 800 यार्डांना गोळीचा मार्ग काढणाऱ्या अ‍ॅपने 7.6 मिल (कोनाचं माप, 100 यार्डांवर एक मिल म्हणजे 3.6 इंच) सांगितले आणि गोळ्या अर्धा मिल, म्हणजे चांगल्या 14 इंच वर लागल्या. मग तुम्ही अ‍ॅपमधली मझल व्हेलॉसिटी (नळीतून सुटतानाचा गोळीचा वेग) वाढवत नेऊन 800 जुळवलं. आता 500 ला गोळी खाली लागते, 1000 ला वर. अ‍ॅप बदलू का, असं विचारताय.

बदलू नका. दुसरं अ‍ॅपही हेच सांगेल. व्हेलॉसिटीच चुकीची असती, तर 800 ला ती सुधारल्यावर 500 आणि 1000 आपसूक जुळले असते. अलीकडे खाली आणि पलीकडे वर, याचा अर्थ अ‍ॅप हवेचा विरोध खऱ्यापेक्षा जास्त धरतंय, आणि तुम्ही वेग वाढवून तो झाकलात.

माझा पहिला संशय दाबावर. फोनवर हवामानात दिसणारा पाऱ्याच्या 30 इंचांच्या आसपासचा दाब समुद्रसपाटीला आणून सांगितलेला असतो. 5280 फुटांवर प्रत्यक्ष दाब 25 च्याही थोडा खालीच असतो. 'स्टेशन प्रेशर'च्या (जागेवरचा प्रत्यक्ष दाब) रकान्यात 30 भरलंत तर अ‍ॅपच्या लेखी तुम्ही अलिबागच्या किनाऱ्यावर बसून गोळी झाडताय. तेवढ्याने हवा साधारण पाचव्या हिश्श्याने दाट होते, आणि तुमचा अर्धा मिल बहुतेक तिथेच गेलाय. रेंजवर हातातल्या मीटरने दाब मोजा, तोच टाका. मग उंचीची दुरुस्ती वेगळी चालू ठेवू नका, नाहीतर ती दोनदा होईल.

बीसीही तपासा, म्हणजे गोळी हवेला किती भेदून जाते याचा आकडा; तो जी1 आणि जी7 अशा दोन प्रमाणांत देतात. या गोळीचा जी1 आकडा 0.505, जी7 साधारण 0.243. एकाचा आकडा दुसऱ्याच्या रकान्यात भरणारे कमी नाहीत, पण त्यात जी1 चा आकडा जी7 मध्ये गेला तर चूक तुमच्या उलट दिशेला दिसते.

आता स्कोप, म्हणजे रायफलवरची दुर्बीण. हे काम कंटाळवाणं म्हणून बहुतेक जण टाळतात. टेपने मोजून 100 यार्डांवर उंच पुठ्ठा लावा, ओळंबा सोडून त्यावर उभी रेघ मारा. तळाच्या ठिपक्यावर नेम धरून एक ग्रुप (एकाच नेमावर काही गोळ्या) मारा, मग 10 मिल वर फिरवून त्याच ठिपक्यावर नेम धरून दुसरा. दोन ग्रुपच्या मध्यांत 36 इंच हवेत. 35.3 भरले तर स्कोप दोन टक्के कमी चालतोय. अ‍ॅपमध्ये तशी दुरुस्ती टाकायची सोय असते. ग्रुप रेघेवरून बाजूला सरकला तर रेटिकल (स्कोपमधल्या नेमाच्या रेघा) तिरकं बसलंय.

स्कोपची उंचीसुद्धा अ‍ॅपने आपणहून भरलेली 1.5 इंच तशीच ठेवू नका, बॅरलच्या मध्यापासून स्कोपच्या मध्यापर्यंत मोजा.

एवढं झाल्यावर क्रोनोग्राफची (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) मूळ सरासरी परत भरा, आणि तीही हल्लीच्या तापमानातली. जानेवारीत मोजलेला वेग जुलैत चालत नाही, काडतुसातली दारू तापली की वेग चढतो. मग वारा पडलेला असताना 600-700 यार्डांवर निदान पाच गोळ्या मारा आणि ग्रुपचा मध्य पकडा, सगळ्यात चांगली लागलेली गोळी नव्हे. इथे फरक उरला तरच व्हेलॉसिटी हलवा, तीही क्रोनोग्राफच्या आकड्यापासून सेकंदाला 20-25 फुटांच्या आत. त्याहून जास्त लागत असेल तर वरचंच काहीतरी निसटलंय.

बीसीला हात लावायचा तो त्यानंतर, गोळी ध्वनीच्या वेगाजवळ येते त्या अंतरावर. समुद्रसपाटीला ही गोळी 1000 च्या आसपास तिथे पोचते, तुमच्याकडे बरीच पुढे.

दाब बदलून आलेले 500, 800 आणि 1000 चे आकडे टाका, मग पुढचं बघू.