मॅकवर युनिक्सवाले रुळतात का? माझा अनुभव

तुमचा प्रश्न असा की पंधरा वर्षं लिनक्सवर काढली, आता कंपनी मॅकबुक देतेय, तर घ्यावा का? आणि युनिक्सची, म्हणजे लिनक्स ज्या घराण्यातलं त्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमची, आवड असलेली माणसं अशा विकतच्या, बंदिस्त सिस्टिमवर खरंच रुळतात का?

रुळतात. मीच रुळलोय. पण "आत युनिक्सच आहे ना" म्हणून नाही.

आत युनिक्स आहे हे खरंच. १९९६च्या डिसेंबरात अ‍ॅपलने नेक्स्ट ही स्टीव्ह जॉब्सची कंपनी घेत असल्याचं जाहीर केलं आणि तिथलाच माख-बीएसडीचा, म्हणजे युनिक्सच्या घराण्यातला, पाया २००१ साली मॅक ओएस टेनमध्ये आला. फ्रीबीएसडी या मोफत युनिक्सछाप सिस्टिमच्या संस्थापकांपैकी जॉर्डन हबर्डही त्याच वर्षी अ‍ॅपलमध्ये गेले. २००७च्या लेपर्ड या मॅकच्या आवृत्तीला तर 'युनिक्स ०३'चं, म्हणजे अधिकृत युनिक्स असल्याचं, रीतसर प्रमाणपत्र मिळालं. आपल्या डेबियन लिनक्सकडे ते नाही, आणि त्यावाचून आपलं कधी काही अडलंही नाही.

मी मॅक घेतला तो झाकणापायी. घर ठाण्यात, ऑफिस घणसोलीला. जुना लॅपटॉप झाकण लावलं की झोपायचा, पण बॅगेत मध्येच कधी जागा व्हायचा देव जाणे. ट्रान्सहार्बरच्या गर्दीत बॅग पोटाशी धरलेली, रबाळ्यापर्यंत पोटाला चटके, आणि ऑफिसात उघडावा तर बॅटरी चार टक्के. कर्नलचे, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याचे, पर्याय बदलून बदलून थकलो. चाळिशीनंतर माणसाला झाकण लावल्यावर झोपणारा लॅपटॉप हवा असतो, बस.

पहिल्याच आठवड्यात आपटलो मात्र. सर्व्हरवर वर्षानुवर्षं चालणारी स्क्रिप्ट इथे 'सेड'च्या, म्हणजे फाइलमधला मजकूर शोधून बदलणाऱ्या प्रोग्रॅमच्या, ओळीवर अडली. मॅकवरचा सेड बीएसडीचा. 'मायनस आय' (फाइल जागीच बदल) या पर्यायानंतर त्याला बॅकअप फाइलचं शेपूट लागतं, नको असेल तर रिकामे अवतरण तरी द्यावं लागतं. मी दिलं नव्हतं. त्याने माझी शोध-बदलाची आज्ञाच शेपूट समजून घेतली आणि फाइलच्या नावाला आज्ञा मानून अर्थ लावत बसला. चूक माझीच, लिनक्सच्या सवयीची. शेवटी होमब्रूने (मॅकवर असे प्रोग्रॅम बसवणारं साधन) जीएनयूचा, म्हणजे लिनक्सवरचाच, सेड आणला.

बॅश, म्हणजे आपण आज्ञा टाइप करतो ते शेल, तर ३.२वरच थांबलाय, कारण पुढच्या आवृत्त्या जीपीएल ३ या अ‍ॅपल टाळत असलेल्या परवान्याखाली आल्या. २०१९पासून नव्या खात्याला झेडशेल हे दुसरं शेल मिळतं. २०१५पासून सिस्टिमच्या फोल्डरांना रूट, म्हणजे सर्वाधिकारी खातंसुद्धा सहजासहजी हात लावू शकत नाही. हे मला अजून खुपतं. रूट म्हणजे रूट, त्याला कसली परवानगी? आणि डॉकर (प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात चालवायचं साधन) शेवटी आतल्या आत एक लिनक्सच चालवतो, तेव्हा हसू येतं.

तर घ्या. फक्त एक सांभाळा: मॅकची डिस्क मुळात फाइलच्या नावातली इंग्रजी लहान-मोठी अक्षरं (a आणि A) एकच धरते. गिटमध्ये, म्हणजे सगळ्यांचा कोड सांभाळणाऱ्या साधनात, एकाच फोल्डरात नावात तेवढ्याच फरकाच्या दोन फाइली असतील, तर एक गडप होते आणि तुम्ही तासभर सहकाऱ्यावर डाफरत बसता. जुना लॅपटॉप विकू नका. माझा कपाटावर चार्जरला लावून ठेवलाय, झाकण उघडंच, रोज रात्री मॅकचा बॅकअप घेतो.