‘सुरी लागली म्हणान पसारलो?’

प्रश्न : मी मालवणचा, वय २६. पर्यटकांना स्कुबा डायव्हिंगला नेतो. गणपतीत डावं वृषण दगडासारखं कडक लागलं. दुखत नव्हतं, त्यात लाज. दिवाळीपर्यंत गप्प राहिलो. मग कॅन्सर म्हणून ऑपरेशन करून ते काढलं. गाठीचा रिपोर्ट पाहून इथले डॉक्टर ‘पहिली स्टेज’ म्हणाले. तीन आठवड्यांनी मुंबईत सिटी स्कॅन आणि रक्ततपासणी झाली, तर तिथे ‘स्टेज टू ए’. पोटात १.८ सेंटिमीटरची गाठ आहे. रक्तातलं एएफपी (या कॅन्सरची खूण सांगणारं प्रथिन) ऑपरेशनआधी ६४० होतं, आता २१०. आजी म्हणते, ‘सुरी लागली म्हणान रोग पसारलो.’ खरंच तसं झालं का? आणि दुसरी स्टेज म्हणजे किती वाईट?

उत्तर : आजींचं हे वाक्य मी कणकवलीत सर्जरी सुरू केल्यापासून ऐकतो आहे. त्या भीतीने ऑपरेशन टाळणारे रुग्णही पाहिले आहेत, म्हणून आधी तेच घेतो. पोटातली गाठ ऑपरेशनच्या दिवशीही तिथे असणार. तेव्हा पोटाचा स्कॅनच झाला नव्हता. नुसत्या गाठीच्या रिपोर्टवर ‘पहिली’ म्हणायची घाई करायला नको होती.

वृषण गर्भात मूत्रपिंडाजवळ तयार होतं आणि जन्माच्या सुमारास खाली उतरतं. त्याच्या लसवाहिन्यांचं माहेर मात्र वरच राहतं. त्यामुळे हा रोग बहुधा जांघेत न थांबता पोटाच्या मागच्या बाजूला, महाधमनीलगतच्या लसग्रंथींत जातो. तुमचा टाका जांघेत आहे ना? तो मुद्दाम तिथे घेतात. अंडकोशाची त्वचा कापली किंवा गाठीत सुई घातली, तर पेशींना जांघेतल्या ग्रंथींची नवी वाट मिळू शकते. आजींच्या भीतीत सत्य आहे ते एवढंच. त्यांना सांगा, ‘कापूच्या आदीच ती थंय होती.’

आता स्टेज. काढलेल्या वृषणात रोग कुठवर गेला, पोटातल्या ग्रंथी किती मोठ्या आहेत आणि छाती वा इतर अवयवांत काही आहे का, हे पाहतातच. या आजारात त्याला रक्तातल्या मार्करची, म्हणजे रोगाच्या खुणा सांगणाऱ्या घटकांचीही जोड असते : एएफपी, बीटा एचसीजी आणि एलडीएच. स्टेज ठरवताना ऑपरेशननंतरचे आकडे धरतात. एएफपी साधारण पाच ते सात दिवसांत निम्मं होतं. सात दिवसांचा संथ हिशेब धरला तरी ६४० चं पहिल्या आठवड्यात ३२०, दुसऱ्यात १६०, तिसऱ्यात ८० व्हायला हवं होतं. तुमचं २१० वर आहे. म्हणजे ते बनवणाऱ्या पेशी अजून शरीरात आहेत, आणि स्कॅनमधली गाठ तेच सांगते. मला तुमच्या सगळ्या कागदांत हा आकडा सर्वांत बोलका वाटतो. या कॅन्सरचे सेमिनोमा आणि नॉन-सेमिनोमा असे दोन मुख्य गट आहेत. शुद्ध सेमिनोमा एएफपी बनवत नाही, त्यामुळे तुमचा रोग नॉन-सेमिनोमा गटात धरून उपचार होतील.

रोग वृषणापुरता असेल तर पहिली स्टेज. पोटामागच्या ग्रंथींत गेला तर दुसरी : दोन सेंटिमीटरपर्यंत ए, पाचपर्यंत बी, त्यापुढे सी. फुप्फुसं किंवा त्यापलीकडे गेला, किंवा ग्रंथींत रोग असताना मार्कर फार चढे राहिले, तर तिसरी. या कॅन्सरला चौथी स्टेजच नाही. घरचे पोटाच्या किंवा तोंडाच्या कॅन्सरच्या अनुभवावरून ‘दुसरी’ शब्दाला घाबरले असतील, पण ते माप इथे लावू नका. १९७४ मध्ये अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात लॉरेन्स आइनहॉर्न यांनी या आजारात सिस्प्लॅटिन इतर औषधांच्या जोडीने द्यायला सुरुवात केली आणि चित्र पालटलं. आज तुमच्यासारख्या स्थितीतले शंभरातले नव्वदहून अधिक रुग्ण बरे होतात.

मार्कर चढे असल्याने तुम्हाला केमोथेरपी सुचवतील. त्याआधी तुमच्या धंद्याबद्दल स्पष्ट बोला. केसपेपरवर फक्त ‘नोकरी/व्यवसाय’ लिहून भागणार नाही. केमोच्या नेहमीच्या तीन सायकलमध्ये (फेऱ्यांमध्ये) ब्लिओमायसिन हे औषध असतं आणि ते फुप्फुसांना इजा करू शकतं. पुढे भूल देताना जास्त ऑक्सिजन दिला तर जपावं लागतं, आणि सिलिंडर लावून पाण्याखाली जाणाऱ्यासाठी तर हा पोटापाण्याचा प्रश्न आहे. ब्लिओमायसिन वगळून इटोपोसाइड आणि सिस्प्लॅटिनच्या चार सायकल हा मान्य पर्याय आहे. तो तुम्हाला चालेल का, हे पहिल्या सलाइनच्या आधी विचारा.

लग्न ठरलेलं नसलं तरी पहिल्या केमोआधी स्पर्म बँकेत नमुना ठेवून घ्या. एक निरोगी वृषण संसाराला सहसा पुरतं, पण केमोने शुक्रजंतू काही काळ, कधी कायमचेही कमी होतात. इथेही लाजू नका.

जेटीवरच्या पोरांनाही हे सांगा. आपल्याकडे सूज दिसली की हायड्रोसिल समजून सोडून देतात. पाणी भरलेल्या पिशवीतून टॉर्चचा उजेड आरपार जातो, टणक गाठीतून जात नाही. पण गाठीभोवतीही पाणी साचतं, म्हणून टॉर्चवर न थांबता सोनोग्राफी करावी. आणि मुंबईला निघताना गाठीचे पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवलेले तुकडे) आणि स्लाइड्स बरोबर न्या. तिथले पॅथॉलॉजिस्ट त्या पुन्हा पाहतील, नाहीतर त्यांच्यासाठीच परत मालवणला यावं लागेल.